पालटाच्या पुढचा माणूस

१

हवामान कार्यालयात त्याला शीत आघाडी म्हणत. बाहेर, व्हिक्टोरियाच्या गव्हाच्या पट्ट्यात, सगळे त्याला नुसतं 'पालट' म्हणत. उन्हाळ्यात चार-चार दिवस उत्तरेकडून भट्टीसारखा वारा सुटायचा. मेंढ्या एकमेकींच्या पोटाखाली डोकी खुपसून उभ्या राहायच्या, घराघरांत नवरा-बायको विनाकारण एकमेकांवर खेकसायची, आणि मग कुणीतरी रेडिओचा कान पिळत विचारायचं, "पालट कधी आहे?"

त्याचं उत्तर देणं हे ग्लेनिस प्रिडोचं काम होतं. पश्चिमेकडून गार हवा कुठवर आली, हे ती नकाशावर निळ्या पेन्सिलीनं ओढायची. ती रेघ कुठल्या गावी कधी पोचेल ते सांगायची. पण खरा प्रश्न पुढचा असायचा. त्या रेघेबरोबर नुसता गारवा येणार, की पत्रे उडवणारं, गारांनी मेंढ्या मारणारं वादळ? सकाळी आभाळात सोडलेल्या हवामानाच्या फुग्यानं वर किती थंडी आहे ते कळायचं, खालच्या हवेत ओल किती ते कळायचं, आणि उरलेलं ग्लेनिसला आतून कळायचं. चाळिशीला आलेली, बिनलग्नाची, कमी बोलणारी बाई. तिचा अंदाज सहसा चुकत नसे.

"ग्लेनिसची आघाडी म्हणजे आगगाडी," तिचा साहेब डेस कॉरिगन म्हणायचा. "उशीर झाला तर ही आघाडीचाच पगार कापते."

तेव्हा मोबाईल नव्हते. रडार होतं, शेजारच्या अंधाऱ्या खोलीत, पण ते फक्त ढग कुठे आणि किती उंच एवढंच सांगायचं. ढगाखाली काय चाललंय ते सांगायला माणूस लागतो. तशी माणसं पट्ट्यात पश्चिमेकडून पूर्वेकडे ओळीनं बसलेली होती, रेल्वेच्या स्टेशनांसारखी. कुणी शेतकरी, कुणी पंपवाला, सगळे हौसेनं काम करणारे. ओळीतलं शेवटचं गाव बेनारी, आणि तिथे होते ग्लेनिसचे वडील, आल्फ प्रिडो. पालट एकेका गावावरून सरकायचा तशी ग्लेनिस एकेकाला फोन लावायची.

त्या दिवशी, तिकडच्या ऐन उन्हाळ्यात, नाताळाच्या जरा आधी, तिनं नेहमीप्रमाणे पहिला फोन वरापिनला लावला. तिथे थेल्मा शिर्मर नावाची म्हातारी विधवा एकटी राहायची. जुन्या जर्मन घराण्यातली, कडक, चर्च सोडून कुणाच्या दारात न जाणारी.

"शिर्मरबाई, धूळ दिसतेय का?"

"दिसतेय. भिंत येतेय पश्चिमेकडून, लाल."

"वारा अजून उत्तरेचाच?"

"उत्तरेचाच. दोरीवरच्या चादरी आडव्या झाल्यात." पडदा सरकल्याचा आवाज आला. "त्याचा सदरा मात्र हलत नाही."

"कुणाचा?"

"कुंपणापलीकडे एक माणूस उभा आहे. धसकटांत, धुळीच्या पुढे. घराकडे तोंड करून. टोपी काढून दोन्ही हातांत धरलीय पोटाशी, चर्चमध्ये दान गोळा करतात तशी. एवढ्या वाऱ्यात त्याचा केससुद्धा उडत नाही."

"कामाला आला असेल कुणी."

"कामाला आलेला माणूस फाटकाशी येतो. हा नुसता उभा आहे. मी कुत्र्याला आत घेतलंय आणि कडी लावलीय."

ग्लेनिसनं 'वारा उत्तरेचा, जोराचा' एवढं टिपून घेतलं. माणसाला लिहायला तिच्याकडे रकाना नव्हता. थोड्या वेळानं तिनं परत फोन केला तेव्हा पालट वरापिनवरून गेलेला होता. चार थेंब पडले, गारवा आला. माणूस दिसत नव्हता.

"हाक मारली नाहीत ना?" ग्लेनिसनं सहज विचारलं.

"मी कशाला मारू?" थेल्मा म्हणाली.

२

पुढचं ठिकाण डनरोबिन. तिथे रेल्वेच्या कडेला धान्याची उंच कोठारं होती आणि त्यांच्या पायाशी वजनकाट्याची पत्र्याची खोली. त्या खोलीत मरे लॉकेट बसायचा. गडगडाटी हसायचा, समोरच्याचं बोलणं पुरं होऊ द्यायचा नाही.

"बोल ग्लेनिसबाई. आज आमचे पत्रे नेणार की ठेवणार?"

"ढग वाढतायत, मरे. अजून तरी मोठं काही दिसत नाही."

"इथे बघ काय झालंय. काट्यापाशी एक जण येऊन उभा राहिलाय. ट्रक नाही, गाडी नाही. टोपी हातात धरून माझ्याकडे बघतोय. पगार मागायला आल्यासारखा."

ग्लेनिसला आठवलं की वरापिनहून डनरोबिन म्हणजे मोटारीनं तासाभराचा रस्ता. पालट त्याहून जरा वेगानं येत होता. दोन गावांत दोन माणसं टोपी काढून उभी असू शकतात, तिनं स्वतःला सांगितलं. गरमीत टोपी कुणीही काढतो.

"मरे, त्याचा सदरा उडतोय का वाऱ्यानं?"

"काय प्रश्न विचारतेस? लग्नाबिग्नाचं बघतेयस की काय?" मरे हसला. "थांब, बोलावतोच त्याला. गारा आल्या तर टाळकं फुटेल बिचाऱ्याचं."

फोन लाकडावर ठेवल्याचा आवाज झाला. मग दार करकरलं, आणि मरेची दणदणीत हाक ऐकू आली: "ए भाऊ, ये आत. अरे ये की."

तोवर फोनमध्ये वारा घोंघावत होता. हाकेनंतर तो थांबला. कमी झाला नाही, ओसरला नाही. कुणी नळ बंद करावा तसा थांबला. त्या शांततेत ग्लेनिसला पावलं ऐकू आली नाहीत. लाकडी फळीवर एक गोटी ठेवावी तसा 'टक्' असा आवाज आला. मग आणखी एक. कुणीतरी सावकाश, एकेक करून, जमिनीवर काहीतरी ठेवत होतं.

"अरे," मरे म्हणाला. त्याच्या आवाजात हसू उरलेलं नव्हतं. "हे काय करतोस? हे कुठून..."

फोन बंद झाला.

ग्लेनिस रडारच्या खोलीत धावली. डनरोबिनवर, जिथे घटकाभरापूर्वी धड ढगही नव्हता, तिथे एक पांढरा ठिपका पेटलेला होता. तिच्या डोळ्यांदेखत तो विझला. आणि त्याच्याबरोबर सबंध आघाडी विरून गेली. पूर्वेच्या गावांना नुसती गार झुळूक मिळाली.

वजनकाट्याच्या खोलीचा पत्रा फाटलेला होता आणि आत मरे गारांखाली गाडलेला सापडला. बाहेर काट्यावर मात्र एकही गार नव्हती.

"एकाच ठिकाणी पडतात कधीकधी," डेस म्हणाला. "पाहिलंय मी. एका शेतात सोनं, शेजारच्यात राख."

ग्लेनिसनंही तसं होताना पाहिलेलं होतं. म्हणून तिनं मान डोलावली.

३

मरेच्या दफनानंतर थेल्मा शिर्मरनं स्वतःहून फोन केला. ती कधी करत नसे.

"त्यानं बोलावलं ना आत?" तिनं विचारलं.

"हो."

"मी बोलावलं नाही. म्हणून तो पुढे गेला." म्हातारी पुढे म्हणाली, "मरेचा बाप माझ्या शाळेत होता. आता मला झोप लागत नाही. पण परत आला तरी मी उघडणार नाही, हेही तुला सांगून ठेवते."

एकटी राहते, वय झालंय, ग्लेनिस मनाशी म्हणाली. धुळीत खांबाचा माणूस दिसतो. मरेनं पाहिला तो कुणी खरोखरचा भटक्या असेल आणि घाबरून पळाला असेल. पत्र्याखाली गारांचा आवाज असाच येतो. प्रत्येक गोष्टीला एकेक कारण होतं. सगळ्यांना मिळून एक कारण मात्र जुळत नव्हतं.

जानेवारीत पुन्हा पालट आला. वरापिनला माणूस दिसला. थेल्मानं कडी लावली. डनरोबिनला आता कुणी नव्हतं. त्यापुढे गमट्री क्रॉसिंग होतं. तिथल्या पेट्रोल पंपावर क्लॅरी ऑजर्स नावाचा सुकलेला, लंगडा माणूस असायचा. ग्लेनिसनं त्याला फोन लावला आणि वाऱ्याबद्दल विचारायच्या आधीच म्हणाली, "क्लॅरी, बाहेर कुणी उभं असेल तर..."

"असेल तर काय? आहेच की," क्लॅरी म्हणाला. "मगाशीच आत घेतलं. भला माणूस वाटतो, तोंडातून शब्द काढत नाही. हातपाय किती गार आहेत त्याचे, या असल्या..."

ग्लेनिसला वारा ऐकू येत नव्हता. 'टक्' ऐकू आलं.

क्लॅरीही मरेसारखाच गारांखाली सापडला; या खेपेला खिडकीची काच फुटलेली होती. काच आतून बाहेर पडली होती, हे पोलीस बोलले आणि पुढे कुणी बोललं नाही. पालट त्याच जागी विरला. बेनारीत लोक अंगणात खुर्च्या टाकून गारव्याला बसले, आणि आल्फ प्रिडोनं मुलीला फोन करून सांगितलं की तुझं वादळ वाटेत झोपलं वाटतं.

त्या संध्याकाळी ग्लेनिसनं नकाशावर गावं परत पाहिली. वरापिन. डनरोबिन. गमट्री क्रॉसिंग. त्यानंतर ट्रेगेन्झांचं शेत, आणि मग बेनारी. मधे काहीच नव्हतं.

४

फेब्रुवारीतला पालट किती मोठा आहे ते दोन दिवस आधीच कळत होतं. समुद्राकडून ओल आत आलेली होती, वर थंडी साठलेली होती, आणि आघाडी जोरात होती. डेसनं नकाशा पाहून शीळ घातली. सबंध पट्ट्याला तीव्र वादळाचा इशारा द्यायचा हे ठरवायला दोघांना बोलावंही लागलं नाही.

इशारा लिहून झाल्यावर ग्लेनिसनं बेनारीला फोन केला.

"बाबा, आज इकडे या ना माझ्याकडे. दुपारची गाडी आहे."

"आज? आज क्रिकेट आहे. आणि कुत्र्याला कोण बघेल?"

"कुत्र्याला घेऊन या."

"काय झालंय पोरी? बरी आहेस ना?"

आल्फ प्रिडो रेल्वेत गार्ड होते. बायको लवकर गेली, मुलीला त्यांनी एकट्यानं वाढवलं. तिच्या वेण्या घालायला शिकले, तिच्या शाळेच्या फ्रॉकला इस्त्री करायला शिकले. त्यांचं घर स्टेशनाच्या मागेच होतं. मंदीच्या वर्षांत त्यांच्या आईच्या दारात रोज कुणी ना कुणी बेकार वाटसरू टोपी हातात घेऊन उभा राहायचा, आणि त्या बाईनं एकालाही चहा-पावाशिवाय घालवलं नव्हतं. ही गोष्ट ग्लेनिसनं लहानपणी इतक्यांदा ऐकली होती, की तिला ती आजीची नव्हे, घराच्या पायाची वाटायची.

"बाबा, ऐका. आज संध्याकाळी कुणी दाराशी आलं तर उघडू नका. कुणीही. हाक मारू नका."

"का? कुणी कैदी पळालाय?"

तिला एकदम वाटलं, हेच सांगावं. "हो. एक माणूस पळालाय. लोकांना मारतो."

आल्फ हसले. "तू लहानपणीही खोटं बोलायला लागलीस की अशीच भरभर बोलायचीस. काय आहे ते नीट सांग."

काय आहे ते तिला सांगता आलं नाही. शब्द तोंडाशी आले, पण डेस समोरच बसून बिस्किट चहात बुडवत होता.

"एवढंच करा, बाबा. माझ्यासाठी."

"बरं, बरं," ते म्हणाले. पण म्हातारा 'बरं' कसं म्हणतो ते तिला माहीत होतं. "पण गारांत माणूस उभा असला, ग्लेन, तर मी काय पडदा ओढून बसू? मग तुझ्या आजीला वर गेल्यावर तोंड कसं दाखवू?"

५

दुपार कलली तेव्हा वरापिनचा फोन आला.

"आलाय," थेल्मा शिर्मर म्हणाली. "आज कुंपणाच्या अलीकडे आहे. व्हरांड्याच्या पायरीशी."

"कडी लावलीत?"

"लावलीय." म्हातारीचा श्वास ऐकू येत होता. "पोरी, पुढच्यांना सांगशील ना?"

"सांगते."

तिला सांगायचंच होतं. हे नंतर ती स्वतःला पुन्हा पुन्हा बजावत राहिली. फोन ठेवला तेव्हा तिला सांगायचंच होतं.

ट्रेगेन्झांच्या शेतावर नोला होती. तिशीतली, बोलघेवडी. नवरा विजेनं लागलेली आग विझवायला गावकऱ्यांबरोबर गेलेला होता. दोन लहान मुलींना तिनं न्हाणीघरात टबात बसवून वर गादी धरायला दिली होती, कारण रेडिओवर तसं करायला सांगत होते, आणि रेडिओवर जे सांगत होते ते ग्लेनिसनं लिहिलेलं होतं.

ग्लेनिसनं नंबर फिरवला. फोन वाजत असताना तिची नजर नकाशावर गेली. तिनं ओढलेली निळी रेघ वाळत घातलेल्या कपड्यांखालून दोरी जाते तशी गावागावांवरून गेलेली होती. नोलानं दार लावलं, तर तो पुढे जाणार. पुढे एकच घर होतं. तिथला माणूस दार लावणार नव्हता.

"ग्लेनिस, बरं झालं तू केलास," नोला म्हणाली. "आभाळ हिरवं झालंय बघ, शेवाळ्यासारखं. आणि टाकीपाशी कुणीतरी उभं आहे."

ग्लेनिसनं पेन्सिल खाली ठेवली.

"एक माणूस. ओळखीचा नाही. मला... काय सांगू तुला. चांगला वाटतोय तसा. गरीब दिसतोय. पण माझ्या अंगावर काटा आला त्याला बघून. घरात मी एकटी, पोरी आहेत. काय करू? राहू दे का तसाच बाहेर?"

"माणूसच आहे ना?" ग्लेनिस म्हणाली. तिचा आवाज तिलाच दुसऱ्या कुणाचा तरी वाटला, शांत, रेडिओवरच्यासारखा.

"माणूसच आहे गं. पण उभा कसा राहिलाय..."

"गारा मोठ्या आहेत आज, नोला. क्रिकेटच्या चेंडूएवढ्या. मोकळ्यावर माणूस वाचायचा नाही."

"म्हणजे घेऊ म्हणतेस?"

पलीकडच्या टेबलावर डेस कुणाशी तरी फोनवर बोलत पेन्सिलीनं कान खाजवत होता. पंखा फिरत होता. ग्लेनिसनं डोळे मिटले.

"मी असते तर घेतलं असतं आत," ती म्हणाली. "बोलाव त्याला."

"तू म्हणतेस तर बोलावते," नोला म्हणाली, आणि तिच्या आवाजात सुटल्यासारखं काहीतरी होतं. तिच्या डोक्यावरचा निर्णय दुसऱ्या कुणी घेतला होता.

फोन ठेवल्याचा आवाज. दार. नोलाची हाक, जरा घाबरलेली, पण अदबीची: "अहो, या ना आत. वादळ येतंय."

वारा थांबला.

ग्लेनिस 'टक्'ची वाट पाहू लागली. तिच्या लक्षात आलं की आपण खरोखर वाट पाहतोय. दाढेच्या दुखण्यानं बेजार झालेला माणूस चिमट्याची वाट पाहतो, तशी.

टक् आलं नाही. लांब, दारापाशी, नोला कुणाशी तरी बोलत होती. शब्द कळत नव्हते, पण मधेमधे ती थांबत होती, समोरचा बोलत असल्यासारखी. त्याचं बोलणं फोनमध्ये उमटत नव्हतं. मग नोलाची पावलं जवळ आली.

"ग्लेनिस, तो विचारतोय, मला बोलवायला कुणी सांगितलं म्हणून."

"काय?"

"असंच विचारतोय. म्हणतो, तुम्ही मनानं बोलावलेलं नाही. मी सांगितलं, हवामानवाली ग्लेनिस प्रिडो आहे फोनवर, तिनं सांगितलं." नोला खिडकीकडे वळली असावी, आवाज जरा फिरला. "अगंबाई. चालला की तो. टोपी घातली डोक्यावर आणि निघाला. असा कसा माणूस..."

फोनमध्ये वारा परत सुरू झाला होता, आणि पत्र्यावर थेंब वाजत होते. साधे, मोठे, गार पावसाचे थेंब. पाठीमागून मुलींचं खिदळणं ऐकू आलं. गादी टाकून त्या टबातून उठल्या होत्या.

"कुठल्या दिशेला गेला?" ग्लेनिसनं विचारलं.

"पूर्वेला," नोला म्हणाली. "तुमच्या बेनारीकडे."

६

बेनारीचा फोन लागत नव्हता. म्हणजे लागत होता, पण गुंतलेला होता. ग्लेनिसनं ठेवला, परत फिरवला, परत ठेवला. मग तिनं बेनारीच्या पोलीस ठाण्यात लावला. तिथे कुणी उचलला नाही, सगळे आगीवर गेलेले. डेस तिच्याजवळ आला.

"काय झालं? कुणाला लावतेयस?"

"बाबांना."

"बेनारीला अजून वेळ आहे. तुझी रेघच सांगतेय. पोचायला..."

"ती रेघ सोड," ग्लेनिस म्हणाली.

मग फोन लागला. पहिल्याच घंटेला आल्फनी उचलला.

"मीच तुला लावत होतो," ते म्हणाले. ते खुशीत होते. "कधीपासून लावतोय. अगं, सांगायचं तरी, पाहुणा पाठवतेयस म्हणून. कैदी पळालाय म्हणे. काय थट्टा ही?"

"बाबा, तो कुठे आहे?"

"दारात उभा आहे. जाळीच्या बाहेर. टोपी हातात घेऊन, जुन्या काळचे यायचे तसा. मी आधी तुझं ऐकलं हां, उघडलं नाही. विचारलं, कोण आहात? तर म्हणाला, ग्लेनिसनं पाठवलंय."

"मी नाही पाठवलं."

"नाव बरोबर सांगितलं त्यानं. सगळं बरोबर सांगितलं."

"बाबा, मी नाही पाठवलं त्याला. दार उघडू नका. मागच्या दारानं निघा, आत्ता, कुत्र्याला घ्या आणि रुळांवर जा, रुळांवरून चालत राहा. बाबा, ऐका माझं."

"भरभर बोलतेयस," आल्फ म्हणाले. प्रेमानं म्हणाले. "अशी का करतेस पोरी? आभाळ बघ कसं झालंय. तुझा माणूस आहे, भिजेल बिचारा."

"तो माझा माणूस नाही."

पण म्हाताऱ्यानं फोन कानापासून बाजूला घेतलेला होता. ग्लेनिसला त्यांचा आवाज जरा दुरून आला, स्टेशनावर उतरणाऱ्या प्रवाशाला सांगावं तसा, ऐसपैस. "ये बाबा, ये. आमच्या पोरीची माणसं ती आमची माणसं."

जाळीचं दार करकरलं. वारा थांबला. कुत्र्यानं एकदा केविलवाणा सूर काढला.

टक्.

"थांब, चहा टाकतो," आल्फ कुणाला तरी म्हणाले.

टक्. टक्. आता आवाज एकेक नव्हता. कुणीतरी पोतं जरासं कललं ठेवावं आणि दाणे सुटत जावेत तसा.

"ग्लेन," वडील फोनजवळ येऊन म्हणाले. त्यांच्या आवाजात भीती नव्हती, नवल होतं, आणि तेच तिला सहन झालं नाही. "अगं, घरातच पडतंय. पत्रा तर धड आहे. घरातच पडतंय गं."

"बाबा, बाहेर निघा."

"पाय रुतलेत, निघेनात," आल्फ म्हणाले. मग, जरा वेळानं, "हा म्हणतोय त्याला तुझ्याशी बोलायचंय."

तिला फोन ठेवता आला असता. डेस पुढे नेहमी सांगायचा की ती जागची हलली नाही, फोन कानाला दाबून बसली होती, आणि त्यानं तो ओढून घ्यायचा प्रयत्न केला तरी सोडत नव्हती. फोनमध्ये काय ऐकू आलं ते तिनं त्याला कधी सांगितलं नाही. डेसनं एवढंच पाहिलं की चाळीस अंशांच्या त्या दुपारी तिच्या तोंडातून थंडीतल्यासारखी वाफ निघाली.

मग तो रडारकडे गेला. आघाडी अजून बेनारीपासून बरीच मागे होती. बेनारीवर एकच ठिपका होता, पांढरा, स्थिर, एका घराएवढा. त्यांच्या रडारला एका घराएवढं काही दिसणं शक्य नव्हतं. डेसनं यंत्रावर चापट मारली. ठिपका विझला, आणि मागची सबंध आघाडी हळूहळू विरत गेली.

७

आल्फ प्रिडोंच्या घराला बाहेरून काही झालेलं नव्हतं. अंगणातल्या गुलाबाची पाकळीसुद्धा पडलेली नव्हती. शेजाऱ्यांनी दार ढकललं तर ते उघडेना. पत्रा काढून बघितलं तेव्हा आत खिडक्यांच्या वरपर्यंत गारा होत्या. म्हातारा टेबलाशी बसलेल्या जागी सापडला, फोन कानाशी धरून. समोर चहाचे दोन कप होते. बर्फ वितळायला इतके दिवस लागले की शेवटी माणसं फावडी घेऊन आली.

दफनाला सबंध बेनारी लोटलं. थेल्मा शिर्मर इतक्या लांबून आली, ग्लेनिससमोर उभी राहिली, तिच्या डोळ्यांत पाहिलं, आणि मागे फिरली. नंतर चर्चच्या सभागृहात बायकांनी चहा आणि सँडविच मांडली. ग्लेनिसच्या हातात कुणीतरी थाळी दिली होती. ती घेऊन ती फिरत होती, कारण हातात काही असलं की लोक फार बोलत नाहीत.

नोला ट्रेगेन्झा दोन्ही मुलींना घेऊन आलेली होती. तिनं ग्लेनिसला घट्ट मिठी मारली. रडून तिचे डोळे सुजले होते.

"मला किती दिवसांपासून तुझे आभार मानायचे होते," ती म्हणाली. "ही वेळ नाही, कळतंय मला. पण त्या दिवशी तू नसतीस ना, तर मी दार उघडलं नसतं. माणूस गारांत मेला असता दारात, आणि मी जन्मभर स्वतःला माफ केलं नसतं. तू सांगितलंस म्हणून माझ्या हातून चांगलं झालं."

ग्लेनिसनं थाळी दुसऱ्या हातात घेतली.

"आणि किती अदबीचा होता गं तो," नोला म्हणाली, रुमालानं नाक पुसत. "दारात बोलताना विचारत होता, पुढच्या घरी मला आत घेतील का? घाबरतात लोक म्हणाला. मला वाईट वाटलं. मी म्हटलं, ग्लेनिसचं नाव सांगा. या पट्ट्यात तिचा शब्द कुणी मोडत नाही."

ग्लेनिसनं मान हलवली. मग थाळी पुढे केली. नोलानं मुलींसाठी दोन सँडविच उचलली.